अडुसष्टावा दाणा

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं आईने दुकानातल्या बेतायच्या फळीवर खडूने काढून शिकवली. तेव्हा चुका असतील, त्या दुरुस्त करून वाचा. आमच्या समाजातल्या दोघांना माझाच आजार निघाला आहे. दोघंही घरात बोलत नाहीत. पायजम्याचं माप द्यायच्या निमित्ताने दुकानात येतात आणि हळूच विचारतात, "राव, दुखलं का हो फार? काय काय केलं?" प्रत्येकाला तुकडे तुकडे सांगून मला कंटाळा आला. म्हणून एकदाच लिहितो. यात माझी अब्रू जाईल अशी एक गोष्ट आहे. तीही लिहितो, कारण तिच्याचसाठी लिहायला बसलो आहे.

मी नागोजी राव, शिंपी. चामराजपेटेत पुढे दुकान, मागे घर. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवत इकडे आले म्हणतात, त्याला तीनशे-चारशे वर्षं झाली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. बायको वारली. मुलगा मोहन वीज खात्यात, सून वनिता घर बघते. नात सुकन्या लग्न होऊन व्हाइटफील्डला, बाराव्या मजल्यावर. ती मला ताता म्हणते. इकडे आजोबांना तसंच म्हणतात.

*

वर्षभर मी त्रास लपवला. लघवीला जायचो आणि उभा राहायचो. धार सुटेना. मग नळ सोडून ठेवायचो, म्हणजे बाहेरच्यांना वाटावं सगळं सुरळीत आहे. वनिता एकदा म्हणाली, "मामंजी पाणी फार घालवतात." मी म्हणालो, "माझ्या घरचं पाणी आहे." विषय संपला.

एका दुपारी एका नवरदेवाच्या शेरवानीचं माप घेत होतो. खांद्यावर टेप धरला आणि ओटीपोटात कुणी दोरी आवळल्यासारखं झालं. तो म्हणाला, "अंकल, एनायतू? काय झालं?" छाती, कंबर, बाही, सगळं घेतलं, वहीत उतरवलं. मग फळीवर आडवा झालो तो उठलोच नाही. नवरदेवानेच रिक्षा आणली.

इस्पितळात नळी घातली. मग रक्त तपासलं, मग आतले तुकडे काढून तपासले. निकालाच्या दिवशी डॉक्टर मोहनशी इंग्रजीत बोलत होते, मोहन त्यांच्याशी इंग्रजीत. मी मधे बसलो होतो, फळीवर पसरलेल्या कापडासारखा, आणि ते दोघं कात्री कुठे लावायची ते ठरवत होते. कॅन्सर हा शब्द मला कळला. तो कळायला इंग्रजी लागत नाही.

मी कन्नडात विचारलं, "लहान आहे की मोठा?"

"लहान आहे अज्जा. प्रोस्टेटमध्येच आहे, बाहेर गेलेला नाही."

"मग कापून टाका."

"कापायची गरज नाही. आत दाणे पेरू या. धातूचे. त्यांच्यातून किरण निघतात. गाठ तिथल्या तिथे मरते."

"मग दाणे परत कधी काढणार?"

"काढायचे नाहीत. ते राहतात."

पडद्यावर माझ्या आतलं चित्र होतं, करडं आणि काळं. मला त्यात एक तोंड दिसलं. डोळे मिटलेलं, कुणीतरी ओळखीचं. मी मोहनला विचारलं, "तुला काही दिसतं का रे?" तो म्हणाला, "अप्पा, ते फक्त मांस आहे." मी पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

*

पेरायच्या दिवशी कमरेखालचं अंग बधिर केलं. पाय माझे होते हे मला नुसतं आठवत होतं. नर्सने एक पाय उचलून पट्ट्यात अडकवला, तेव्हा मला वाटलं दुसऱ्या कुणाचा पाय घेऊन चालली आहे.

भोकाभोकांची एक चौकोनी पट्टी असते. ती खाली दोन पायांच्या मधे लावतात आणि भोकांतून लांब सुया आत जातात. हे मला आधी कागदावर दाखवलं होतं. दाखवणारी मुलगी रश्मी, किरणांच्या खात्यातली. डॉक्टर नव्हे. किरण किती, कुठे, कसे पोचतील ते मोजणं हे तिचं काम. मी तिला विचारलं होतं, "टाके समान अंतरावर का नाही घालत?" ती हसली. म्हणाली, "समान घातले तर मधे फार होईल अज्जा, लघवीची वाट जळेल. कडेला दाट, मधे विरळ." मला ते पटलं. खांद्यात पॅड भरताना आम्हीही तसंच करतो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, इथे काम कळणारं माणूस आहे.

पण प्रत्यक्षात तिथे पडून ऐकणं वेगळं. एक आवाज इंग्रजीत अक्षर म्हणायचा आणि आकडा. दुसरा आवाज तेच परत म्हणायचा. मग काहीतरी आत सरकायचं. दुखत नव्हतं. नुसतं कळायचं की कुणीतरी आत आलं. पुन्हा अक्षर, आकडा, पुन्हा आत. ते दोघं एकमेकांचं नाव घेत नव्हते, माझंही घेत नव्हते. मी मोजायला लागलो आणि चुकलो. शेवटी रश्मीचा आवाज आला, "अरवत्तेंटु. अडुसष्ट. झाले."

नंतर तिने एक यंत्र माझ्यावरून फिरवलं. छातीवर ते गप्प होतं. पोटाखाली आलं आणि कुणी शिलाई मशीन पळवावं तसं कटकटायला लागलं. मी विचारलं, "हा आवाज कोणाचा?"

"तुमचा," ती म्हणाली.

*

घरी सोडताना मला एक कार्ड दिलं, कायम खिशात ठेवायला. मोहनने वाचून दाखवलं. अर्धं वाचून थांबला. मी म्हणालो, "पुढे वाच." पुढे लिहिलं होतं की या माणसाचा एवढ्यात मृत्यू झाल्यास इस्पितळाला कळवल्याशिवाय दहन करू नये.

माझ्या वयाच्या माणसाला मरणाची भीती घालता येत नाही. पण जाळायला घेतल्यावर मी राख होईन आणि ते अडुसष्ट दाणे होणार नाहीत, हे डोक्यातून जाईना. मोहन अस्थी वेचायला वाकेल आणि त्यात हे चमकत असतील.

नियम सांगितले ते मोहनने ऐकले. मी सरी सरी, बरं बरं, म्हणत खिडकीबाहेर बघत होतो, कारण नर्स तरुण होती आणि विषय लघवीचा होता. पहिले काही दिवस लघवी गाळून करायची. एखादा दाणा बाहेर पडला तर हात न लावता चमच्याने उचलून शिशाच्या डबीत टाकायचा आणि परत आणून द्यायचा. लहान मूल मांडीवर घ्यायचं नाही. गरोदर बाईजवळ बसायचं नाही, काही महिने तरी.

सुकन्याला तेव्हा सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण आईकडे, ही आमच्याकडची रीत. सातव्या महिन्यात सीमंत, म्हणजे डोहाळजेवण, करून तिला ठेवून घ्यायचं ठरलं होतं. खोली रंगवून झाली होती. दारात उभं राहून मोहन म्हणाला, "आता तिला तिकडेच ठेवावं लागेल." वनिताने त्या खोलीतली नवी गादी गुंडाळली आणि मला दुकानात अंथरूण घातलं.

*

दुपारी शटर अर्धं ओढून मी दुकानात पडायचो. आतून काही हलत नव्हतं, गरमही लागत नव्हतं. आणि तेच वाईट होतं. घरात चोर शिरला तर निदान भांडं पडतं. इथे अडुसष्ट जण आत बसून काम करत होते आणि श्वासाचाही आवाज नाही. आरशासमोर उभा राहिलो तर सगळं नेहमीसारखं. पायरीवर झोपणारा गल्लीतला कुत्रा त्या आठवड्यापासून यायचा बंद झाला. वनिताने पायरी फिनेलने धुतली म्हणून असेल. मी त्याला बिस्किट दाखवलं. तो लांबून बघत राहिला, आला नाही.

अकराव्या दिवशी गाळणीत दाणा आला.

राखाडी, चकचकीत, तांदळाच्या कणीएवढा. शिशाची डबी न्हाणीतल्या फळीवर होती, पण तिचं झाकण मला उघडेना. ते फिरवून दाबायचं होतं. वनिताला हाक मारली असती तर तिने उघडून दिलं असतं. पण सुनेला बोलावून, माझ्या लघवीतून हे निघालं बघ, असं मी म्हणू? मी दाणा धुतला आणि दुकानात आणला.

आता माझी चूक सांगतो. शिंपी माणूस धातूचा बारीक तुकडा कधी इकडेतिकडे टाकत नाही. तुटलेली सुई, टाचणीचं टोक, जे सापडेल ते सुयांच्या डब्यात जातं, कारण कापडात राहिलं तर दुसऱ्याच्या अंगात जाईल. माझ्या बापाने हे मला मारून शिकवलं. माझा डबा बिस्किटाचा, जुना, जाड पत्र्याचा. दाणा त्यात टाकला. आधी लोहचुंबकाने उचलायला गेलो तर चिकटला नाही. तेव्हा स्वल्प विचित्र वाटलं.

आणि मला वाटलं, बाहेर आला म्हणजे मेला. चुलीतून निखारा बाहेर पडला की काळा होतो. हा माझ्या अंगाच्या उबेवर जगत असणार, असंच मी धरून चाललो. कुणी तसं सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही.

*

सीमंत टाळता येत नव्हतं, म्हणून एका दिवसापुरती सुकन्या आली. मी स्वतः गजपट्टीने सहा हात मोजले आणि दुकानाच्या जमिनीवर खडूने रेघ ओढली. ती हिरवी साडी नेसून रेघेपलीकडे खुर्चीवर बसली. मी इकडे.

"ताता, मला वाळीत टाकलंत की स्वतःला?"

"तू रेघ ओलांडू नकोस एवढंच बघ."

"बाळाचं पहिलं झबलं तुम्ही शिवायचं. हाताने. माझं तुम्हीच शिवलेलं."

"या हातांनी नको."

"मग मी शिवते. तुमच्या सुया तरी द्या. तुमच्याकडची बारीक सुई दुकानात मिळत नाही."

मला बरं वाटलं. कुणाला तरी माझं काही हवं होतं. मी डबा जमिनीवर ठेवला आणि गजपट्टीने ढकलत ढकलत रेघेपलीकडे नेला, म्हणजे अंतर मोडायला नको. ती वाकू शकत नव्हती. वनिताने उचलून तिच्या मांडीवर दिला. मी म्हणालो, "बघ, किती नियम पाळतो तुझा ताता." सगळे हसले. दाणा त्यात होता हे मला माहीत होतं. पण मेलेला दाणा म्हणजे तुटक्या सुईसारखाच, असा माझा समज.

*

दहा दिवसांनी इस्पितळात मोठं स्कॅन झालं. दाणे कुठे बसले आणि किरण कुठवर पोचले ते त्यात बघतात. रश्मीने पडद्यावर दाखवलं. प्रत्येक दाणा पांढरा ठिपका. भोवती रंगीत कडी, लाल, मग पिवळं, हिरवं, निळं. एकाचं कडं दुसऱ्यात मिसळलेलं. अंधारात दिवे लागलेलं गाव विमानातून दिसतं म्हणतात, तसं काहीतरी. माझ्या आत, माझ्या नकळत वसलेलं.

"सगळीकडे हिरवं पोचायला हवं," ती म्हणाली. "पोचलंय. फक्त डावीकडे मागच्या कडेला जरा कमी. सूज उतरल्यावर दाणे थोडे सरकतात."

"म्हणजे तिथे रंग फिका बसला."

"हां. अगदी तसं."

"फिक्या जागी काय होतं?"

"बहुतेक काही होत नाही. पण आम्ही लक्ष ठेवू. रक्त तपासत राहायचं." मग ती मोजायला लागली. दोनदा मोजलं. "सदुसष्टच दिसतात. अज्जा, एखादा लघवीतून पडला का?"

वनिता माझ्या शेजारी उभी होती, हातात माझी फाईल.

मी म्हणालो, "नाही."

इतकं सोपं होतं ते. आवाज हलला नाही, डोळा हलला नाही. रश्मी म्हणाली, कधी कधी दाणा रक्ताबरोबर वाहत छातीत जातो. छातीचा फोटो काढला. तिथे नव्हता. तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तो बाहेर आहे. घरात कुठेतरी. नीट शोधा. अदक्के इन्नू जीव इदे."

त्याच्यात अजून जीव आहे.

मी गाडीत मागे बसलो. वनिता पुढे मोहनला सांगत होती की न्हाणीचा पाईप उघडून बघू या. घरी येऊन मोहनने खरंच पाईप उघडला, कोपरापर्यंत हात घालून गाळ काढला. मी दारात उभा राहून बघितलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात जातो सांगून मेट्रोत बसलो. मॅजेस्टिकला गाडी बदलली. व्हाइटफील्डपर्यंत उभाच राहिलो. एक गरोदर बाई चढली आणि माझ्यापाशी खांब धरून उभी राहिली. मी पुढच्या डब्यात सरकलो. तिथे दुसरी होती, मूल कडेवर. मी अजून पुढे गेलो. लोकांना वाटलं असेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. गाडी भरत गेली तसा मी पुढे पुढे जात राहिलो, आणि शेवटी डबेच संपले. तिथे भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

बाराव्या मजल्यावर दार मोलकरणीने उघडलं. आत काचेच्या दाराशी, उजेडात, सुकन्या खुर्चीत रेलून शिवत बसली होती. डबा तिने पोटावर ठेवला होता, टेबलासारखा. झाकण उघडं. ती श्वास घेई तसा डबा वर यायचा, खाली जायचा.

"ताता? एकटे आलात? आत या ना, लांब बसा."

"तो डबा बंद कर आणि खाली ठेव."

"एवढा टाका घालते."

"सुकन्या, ठेव."

माझा आवाज ऐकून तिने ठेवला. मी तिला उठून लांबच्या खोलीत जायला सांगितलं. तिथून दाराआडून ती, इकडून उंबऱ्यावरून मी, असं आम्ही बोललो.

"डब्यात एक राखाडी तुकडा होता. आहे का?"

"तो होय. चुंबकाला चिकटत नव्हता. मी बोटावर घेऊन बघितला आणि परत टाकला. काय आहे तो?"

मी सांगितलं, कालच्या स्कॅनचंही.

ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"मेलाय असं वाटलं."

"आणि काल त्यांनी विचारलं तेव्हा?"

"नाही म्हणालो."

"का?"

"तुझी आई उभी होती."

ती हसली. तसं हसणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मग हसणं थांबलं आणि तिने मोहनला फोन लावला.

*

मोहनमार्फत रश्मीने निरोप दिला, डबा घट्ट बंद करून आणा, आणि दोघं वेगळ्या गाड्यांतून या. सुकन्याची गाडी पुढे गेली. माझी बेळ्ळंदूरला अडकली. तासभर हलली नाही. डबा माझ्या मांडीवर. खाली सदुसष्ट, वर एक. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "अज्जा, प्रसाद का?" मी मान हलवली. काय म्हणून हलवली ते मलाही कळलं नाही.

इस्पितळात मोहन आणि वनिता आले होते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. रश्मीने ते यंत्र बंद डब्यावर धरलं. टिक, टिक, थांबून थांबून. झाकण उघडलं आणि मशीन पळायला लागलं. चिमट्याने दाणा काढून शिशात टाकला, आवाज तुटला.

मग तिने यंत्र सुकन्याच्या पोटावरून फिरवलं. एक टिक झाली. वनिताने माझा दंड धरला, इतका घट्ट की नखं रुतली. रश्मी म्हणाली, "एवढी कुठेही होते," आणि यंत्र भिंतीपाशी नेऊन दाखवलं. तिथेही एक टिक.

किती दिवस, रोज किती वेळ, झाकण उघडं किती, बंद किती, पोटावर की टेबलावर, सगळं तिने विचारून लिहिलं. हिशोब करायला बाहेर गेली. त्या खोलीत आम्ही चौघं होतो, पोटातलं धरून पाच, आणि माझ्या आत जे होते ते.

ती परत आली. "घाबरण्यासारखं नाही. पत्रा जाड होता, त्याने पुष्कळ अडवलं. उघडा फार वेळ नव्हता. तरी बाळाच्या डॉक्टरांना मी सगळं कळवते."

घाबरण्यासारखं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. आवाज हलला नाही, डोळा हलला नाही. आदल्या दिवशी याच खोलीत मी असंच "नाही" म्हणालो होतो. ती खरं बोलत होती, हे आज मला माहीत आहे. पण जो एकदा खोटं बोलला त्याला दुसऱ्याचं खरं कसं ओळखायचं? पुढचे अडीच महिने मी त्या शब्दाची आतली शिवण उसवून बघत होतो.

*

मुलगी झाली. वजन चांगलं, बोटं पुरी, रडणं खणखणीत. वनिता तिकडेच जाऊन राहिली. मला फोनवर दाखवली. सुकन्या फोनच्या चौकटीत येत नव्हती, नुसता तिचा हात दिसायचा.

इस्पितळाने सांगितलं, आता मूल मांडीवर घ्यायला हरकत नाही. सुकन्याने आणखी चार महिने जाऊ दिले. मी विचारलं नाही. विचारायचा हक्क राहिला नव्हता. मग एका रविवारी ती आली, दुकानाच्या दारात चपला काढल्या आणि मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "झबलं शिवायला घ्या. माझं अर्धंच राहिलं."

मुलगी आता दोन वर्षांची होत आली. गुणी आहे, आमच्या सगळ्यांपेक्षा बडबडी. पण माझ्या मांडीवर आली की गप्प होते आणि खाली बघत बसते, काहीतरी ऐकल्यासारखी. सगळे हसतात. म्हणतात, तुमच्या धोतराची किनार बघते. असेल. मी तिला लगेच उतरवतो.

माझ्या रक्ताचा आकडा प्रत्येक वेळी खाली येत गेला. दाण्यांतला जीव आता जवळजवळ संपला, असं रश्मी म्हणते. ते तसेच आत राहतील, विझलेले. फिकी जागा अजून फिकीच आहे. तिथे काही उगवलं नाही. उगवणारच नाही असंही कुणी म्हणत नाही.

ज्यांच्यासाठी हे लिहिलं त्यांना सांगतो. सुया दुखत नाहीत. नळी दोन दिवस त्रास देते, मग निघते. तुमच्या बायकोला, मुलाला, सुनेला सांगा. डबीचं झाकण उघडत नसेल तर हाक मारा. लाज एक मिनिट वाटते.

मागच्या आठवड्यात तपासणी होती. हल्ली माझ्याबरोबर सुकन्या येते, ऑफिसातून रजा काढून, मुलगी कडेवर घेऊन. डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं, "एनादरू तोंदरे, अज्जा? काही त्रास?" नेहमीचं उत्तर माझ्या जिभेवर आलंच होतं. सुकन्या उठली. म्हणाली, "ताता, मी बाहेर थांबते. तुम्ही बोला."

मी म्हणालो, "नको. बस."

ती बसली. मी डॉक्टरांना सांगितलं की संडासला रक्त पडतं. थोडं, पण पडतं. डॉक्टर म्हणाले, किरणांमुळे असं होऊ शकतं, किंवा दुसरं काही, आत बघावं लागेल. मुलगी माझ्याकडे बघत होती. सुकन्याही बघत होती. तिने मान खाली घातली नाही.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "कधीपासून?"

मी महिना सांगितला, तारीख सांगितली आणि वारही सांगितला.